घरांतील बिनतारी सेतु

आपल्याकडील लौकिक न्यायांत 'देहलीदीपन्याय' प्रसिद्ध आहे. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा आंतील खोलीही उजळतो आणि बाहेरील ओसरीही. आज ज्या विषयावर चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे तो यंत्राचा असला, तरी त्याचें मर्म ह्या जुन्या न्यायांत सांपडतें. घरांत इंटरनेट वांटणारी राउटर नांवाची पेटी पुढील बैठकींत असते आणि तिचे तरंग मागील खोल्यांपर्यंत पोंचत नाहींत. तेव्हां दुसरी पेटी घेऊन पहिलीशीं तिचा बिनतारी सेतु कसा बांधावा, हा तो विषय होय.

यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा इकडील जुन्या वाड्यांची ठेवणच अशी कीं ही अडचण यावी. पुढें ओसरी, मग बैठक, माजघर, स्वयंपाकघर, आणि मागें अंगण ओलांडून आणखी दोन खोल्या. भिंती हात-दीड हात जाडीच्या. तार घेऊन येणारा मनुष्य पेटी बैठकींत लावून जातो. पुढें बसणाऱ्या मंडळींस जगांतील वार्ता क्षणांत कळतात. मागील खोलींत परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलीस मात्र व्याख्यान ऐकण्यासाठीं अंगणांत उभें राहावें लागतें. २०२० सालीं शाळाच घरांत आल्या, तेव्हां ही उणीव फार जाणवली. पूर्वीं वर्तमानपत्र दिवसभर बैठकींत फिरून सायंकाळीं माजघरांत जात असे. तीच रीत नव्या यंत्रानें पुन्हां चालूं करावी, हें बरें नव्हे.

बिनतारी तरंग भिंत ओलांडूं शकतात, हें १८९५ सालीं कलकत्त्यास आचार्य जगदीशचंद्र बसूंनीं लोकांसमक्ष दाखविलें. भिंतीआडची घंटा त्यांनीं तरंगांनीं वाजविली. परंतु प्रत्येक भिंत आपला कर घेतेच. राउटरचे तरंग मुख्यतः दोन जातींचे. २.४ गिगाहर्ट्झचा तरंग सुमारें साडेबारा सेंटिमीटर लांबीचा. तो माहिती कमी वाहतो, पण भिंतींतून अधिक दूर जातो. ५ गिगाहर्ट्झचा सुमारें सहा सेंटिमीटरांचा. तो माहिती पुष्कळ वाहतो, पण एक-दोन जाड भिंतींतच थकतो. दोघांचेही मोठे वैरी म्हणजे धातु आणि पाणी. टिनाचें छप्पर, पोलादी कपाट, आणि आमच्या वैदर्भी उन्हाळ्यांत खिडकींत बसणारा पत्र्याचा, पाण्यानें भरलेला कूलर, हे वाटेंत नसावे.

पुष्कळांची समजूत अशी असते कीं, जेथें तरंग पोंचत नाहींत तेथेंच दुसरी पेटी ठेवावी. येथेंच चूक होते. दुसरी पेटी स्वतः कांहीं निर्माण करीत नाहीं. पहिलीचें ऐकून ती पुढें सांगते. जिला स्वतःलाच नीट ऐकूं येत नाहीं, ती दुसऱ्यास काय सांगणार? म्हणून मोबाइल हातीं घेऊन बैठकींतून मागें चालत जावें, आणि पडद्यावरील रेघा जेथवर चांगल्या टिकतात ती शेवटची जागा निवडावी. बहुधा ती माजघराच्या दारापाशीं सांपडते. तीच आपली देहली. तेथें उंच फळीवर पेटी ठेवावी.

मांडणी करतांना दोन्ही पेट्या प्रथम एकाच खोलींत ठेवाव्या. संगणक तारेनें दुसरीस जोडून तिचें मांडणीचें पान उघडावें. तेथें 'ब्रिज', 'रिपीटर' किंवा 'डब्ल्यू.डी.एस.' असा पर्याय असतो. डब्ल्यू.डी.एस. निरनिराळ्या कारखान्यांच्या पेट्यांत जुळेलच असा नेम नाहीं; म्हणून दोन्ही एकाच कारखान्याच्या असलेल्या बऱ्या. पहिलीचें नांव व परवलीचा शब्द दुसरींत भरावा, आणि ज्या पट्ट्यावर सेतु बांधावयाचा त्याचा चॅनेल दोहोंचा एकच ठेवावा.

यापुढील नियम एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस निराळा शिकवावयास नको: घराचा कर्ता एकच असावा. प्रत्येक मोबाइलास पत्ता वांटून देण्याचें काम डी.एच.सी.पी. नांवाची व्यवस्था करते. ती पहिल्या पेटींत चालूं ठेवावी, दुसरींत बंद करावी. दोघीही वांटूं लागल्या म्हणजे कधीं एकच पत्ता दोघांस मिळतो आणि कोणाचेंच काम धड होत नाहीं. पहिलीचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर दुसरीस १९२.१६८.१.२ द्यावा, व तो आंकडा वांटपाबाहेर ठेवावा. शेवटीं, कारखान्याहून आलेले परवलीचे शब्द बदलावे आणि संरक्षण डब्ल्यू.पी.ए.२ किंवा त्याहून नवें निवडावें, डब्ल्यू.ई.पी. हें जुनें कुलूप आतां सहज उघडतें.

या सेतूची किंमतही सांगितली पाहिजे. एकाच पट्ट्यावर ऐकणारी व सांगणारी पेटी प्रत्येक संदेश दोनदां उच्चारावयास लावते. म्हणून तिच्यापलीकडे वेग सुमारें निम्मा उरतो. पेटी दोन पट्ट्यांची असल्यास एकावर ऐकून दुसऱ्यावर सांगण्याची योजना करावी. आणि घराची डागडुजी निघालीच असेल, तर बिनतारीचा मोह सोडून भिंतींतून इथरनेटची तार न्यावी. ती १०० मीटरपर्यंत उत्तम चालते.

जी अडचण वाड्याची, तीच गांवाची. २०११ सालीं मंजूर झालेल्या आणि पुढें 'भारतनेट' नांव मिळालेल्या योजनेनें प्रकाशतंतूची तार ग्रामपंचायतींपर्यंत नेण्याचें ठरविलें; पण पंचायतीपासून वाडीवस्तीपर्यंतचें अंतर उरतेंच. पालघर जिल्ह्यांत मुंबईच्या आय.आय.टी.तील संशोधकांनीं दूरचित्रवाणीच्या रिकाम्या पट्ट्यांतून असेच बिनतारी सेतु बांधून कांहीं गांवें जोडून दाखविलीं. घरच्या सेतूस तर परवानाही लागत नाहीं, २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ सालीं सर्वांस खुला झाला, आणि ५ गिगाहर्ट्झची सवलत २०१८ सालीं वाढविण्यांत आली.

तेव्हां एखाद्या रविवारीं घरांतील मुलांमुलींस हाताशीं घेऊन हें काम अवश्य करावें. सेतु नीट बसला कीं नाहीं, हें मात्र बैठकींत बसून ठरवूं नये. अगदीं मागील खोलींत मुलीचें व्याख्यान अखंड चालावें, आणि तेथेंच बसून आजीबाईंस निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला पाठवितां यावा. मगच काम पुरें झालें असें समजावें.