धक्का कोणीं दिला?

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील पंधरा वर्षांची मुलगी शाळेच्या संघांतून खो-खो खेळते. गेल्या हिंवाळ्यांत एका सामन्याच्या वेळीं खांबाजवळ हुलकावणी देतांना ती एकाएकीं खालीं बसली. गुडघ्यांत ‘कट्’ असा आवाज झालेला तिनें स्वतः ऐकला. दोन तासांच्या आंत गुडघा नारळाएवढा सुजला. आजींनीं पहिला प्रश्न विचारला तो हा, “धक्का कोणीं दिला ग तुला?”

“कोणींच नाहीं, आजी. मी नुसती वळलें.”

हें उत्तर घरांत कोणासच पटलें नाहीं. मुरगळला असेल, असें ठरून लेप झाले, कढत तेलाची मालीश झाली. क्ष-किरणांच्या फोटोंत हाडें शाबूत दिसल्यामुळें सर्वांचा जीव भांड्यांत पडला. तीन आठवड्यांत मुलगी चालूं लागली. पुढें एके दिवशीं जिना उतरतांना त्याच गुडघ्यानें अचानक दगा दिला, आणि तेव्हां कुठें कळलें कीं, आंतील अस्थिबंध, ज्याला आतां घरोघर लिगामेंट म्हणतात, तो पहिल्याच दिवशीं तुटला होता. क्ष-किरणांच्या फोटोंत हाड दिसतें, अस्थिबंध दिसत नाहीं, एवढी साधी गोष्ट कोणाच्या ध्यानांत आली नव्हती.

मुलीचें उत्तर मात्र अक्षरशः खरें होतें. खेळांत या बंधाला होणाऱ्या दुखापतींपैकीं बहुसंख्य कोणाचा धक्का न लागतांच होतात.

खुब्याचा सांधा खोल उखळींत बसलेला असतो. गुडघ्याला तशी उखळी नाहीं. मांडीच्या हाडाचीं दोन वाटोळीं टोंकें नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेलीं असतात, आणि त्यांना जागेवर ठेवण्याचें काम मुख्यतः बंधांचें व स्नायूंचें. सांध्याच्या मध्यभागीं दोन बंध फुलीसारखे एकमेकांस छेदून जातात. त्यांतला पुढचा नडगीला पुढें सरकूं देत नाहीं व पिळूंही देत नाहीं. हा नाजूक असतो असें मात्र कोणीं समजूं नये. तरुण माणसाचा हा बंध सरळ ताणला, तर सुमारें २०० किलोंचें ओझें पेलतो. मग पंचेचाळीस किलो वजनाच्या मुलीच्या नुसत्या वळण्यानें तो तुटावा कसा?

दाराच्या बिजागरीजवळच्या फटींत एखादी खुंटी अडकली असतां आपण कडीकडून दार लोटलें, तर बिजागरीचे स्क्रू उपटून येतात. हाताचा जोर नेहमींचाच. पण दाराच्या लांबीमुळें तो अनेक पटींनीं वाढून बिजागरीवर येतो. पायाचेंही असेंच आहे. धांवतां धांवतां एका पायावर थांबून वळतांना जमिनीचा उलट दाब शरीराच्या वजनाच्या काहीं पट होतो. पाऊल जमिनीला खिळलेलें, गुडघा जवळजवळ ताठ व आंतल्या बाजूस झुकलेला, धड मात्र दुसरीकडे वळलेलें. अशा वेळीं नडगीचें लांब हाड तरफेचें काम करतें आणि सारा पीळ त्या करंगळीएवढ्या बंधावर येतो. भरींत भर म्हणून मांडीचा पुढचा बळकट स्नायूही त्या क्षणीं नडगीला पुढेंच ओढीत असतो.

हें सारें किती वेळांत घडतें? अशा प्रसंगांच्या चित्रफितींचा अभ्यास करणारांस असें आढळलें कीं, पाऊल टेकल्यापासून सुमारें ४० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्शांत, बंध तुटतो. डोळ्याचें पातें लवण्यासही याहून अधिक वेळ लागतो. मेंदूस बातमी पोहोंचून स्नायू सांध्याला सांवरून धरतील, तोंवर घडायचें तें घडून गेलेलें असतें. म्हणून ‘जपून खेळ हो’ हा आपला नेहमींचा उपदेश येथें निरुपयोगी आहे. गुडघा वांकवून, आंत झुकूं न देतां टेकण्याची संवय शरीराला आधींच लागलेली असावी लागते.

मातीवर अनवाणी पाऊल थोडें घसरतें, आणि तें घसरणेंच पुष्कळदां बचाव ठरतें. आतां मोठे सामने मॅटवर होतात. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस झालेली खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धाही मॅटवरच झाली. मॅट आणि रबरी तळव्याचे बूट यांची पकड घट्ट. मातीवर सराव करून थेट मॅटवर उतरणाऱ्या मुलांची आम्हांस काळजी वाटते ती यामुळेंच.

एकाच खेळांत मुलींना ही दुखापत मुलांच्या दुपटी-तिपटीनें होते. म्हणून मुलींनीं खेळूं नये, असें म्हणणारांशीं आमचें मुळींच जमत नाहीं. उड्या, एका पायावरचा तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम असा पंधरा-वीस मिनिटांचा कार्यक्रम सरावापूर्वीं नियमानें केल्यास या दुखापती निम्म्याच्या आसपास कमी होतात, असें अनेक देशांत दिसून आलें आहे. शाळेंत तो होतो कीं नाहीं, हें पालकांनीं जाऊन पाहावें.

घरच्यांसाठीं आणखी थोडें. कट् असा आवाज आणि दोन-तीन तासांत आलेली सूज म्हणजे बहुधा सांध्यांत रक्त सांठलेलें असतें. अशा गुडघ्यास पहिले दिवस शेक, मालीश, कोणाकडून ओढून घेणें, यांतलें कांहीं करूं नये. फडक्यांतून बर्फ लावावा, पट्टी बांधून पाय उंच ठेवावा आणि अस्थितज्ज्ञांस दाखवावें. दुखणें थांबलें म्हणजे बंध जुळला असें नव्हे. सैल गुडघा पुनःपुन्हा निसटला कीं आंतील कूर्चेच्या चकत्या फाटूं लागतात. सर्वांनाच शस्त्रक्रिया लागते असें नाहीं. पुष्कळांचें नेटाच्या व्यायामावर भागतें. शस्त्रक्रिया झालीच, तर निदान नऊ महिने सामन्यांत उतरूं नये.

त्या मुलीचा सध्यां पांचवा महिना चालू आहे. आजी रोज संध्याकाळीं तिच्या एका पायावरच्या बैठका मोजतात, आणि गुडघा आंत झुकला कीं ती बैठक मोजींत धरीत नाहींत.