उपनगरांचे आपापले स्वभाव

घर बदलण्याचा विषय कुटुंबात निघाला, की पहिला प्रश्न येतो क्षेत्रफळाचा आणि दुसरा भावाचा. गिरगाव, भुलेश्वर, पायधुनी या जुन्या मुंबईतील अनेक कुटुंबांत गेली काही दशके हा विषय वारंवार निघत आला आहे. मुले मोठी होतात, सून घरात येते, चाळीतील दोन खोल्या अपुऱ्या पडतात आणि तेवढ्याच पैशांत बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या पलीकडे प्रशस्त सदनिका मिळते. हिशेब बरोबर असतो. पण तो पुरा नसतो. कारण घरासोबत दिवसाची वाटणी बदलते, शेजार बदलतो आणि घरातील वृद्धांचे तर सारे जगच बदलते.

मुंबईची उपनगरे आगगाडीने घडविली. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी धावली. 1896 मध्ये प्लेगची साथ आली, दाट वस्तीचे दुष्परिणाम सर्वांनी पाहिले आणि 1898 मध्ये स्थापन झालेल्या सुधारणा मंडळाने दादर, माटुंगा, शीव या भागांत रुंद रस्त्यांच्या वसाहती आखल्या. 1925 मध्ये विजेवर चालणारी गाडी कुर्ल्यापर्यंत आणि 1928 मध्ये बोरिवलीपर्यंत पोहोचली. महापालिकेची हद्द 1950 मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि 1957 मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली. आज तीही सीमा ओलांडून शहर विरार, कल्याण, पनवेलच्याही पुढे गेले आहे.

या प्रत्येक टप्प्याने आपला ठसा मागे ठेवला. माटुंग्यात पाच उद्यानांभोवतीची सावली आजही आखणीचे महत्त्व सांगते. स्थानकाजवळ दाक्षिणात्य फुलबाजार आणि इडलीची उपाहारगृहे, तर मागील गल्ल्यांत कच्छी-गुजराती कुटुंबे. विलेपार्ल्याची ओळख वेगळी. 1923 पासून कार्यरत असलेला लोकमान्य सेवा संघ, दीनानाथ नाट्यगृह, व्याख्याने आणि वाचनालये यांमुळे येथे निवृत्त माणसालाही सायंकाळी जाण्यास ठिकाण असते. ज्या वस्तीत वृद्धांना रोज पायी जाऊन बसण्याजोगी जागा आहे, ती वस्ती अर्धी जिंकली, असे म्हणण्यास हरकत नाही.

घाटकोपर हे व्यापारी कुटुंबांचे उपनगर. बाजार, शाळा, देवालये आणि नातेवाईक हाकेच्या अंतरावर. म्हणूनच गर्दीही तितकीच. 2014 मध्ये घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली आणि पूर्व-पश्चिम प्रवासाचा जुना द्राविडी प्राणायाम बराच सुटला. एका मार्गाने उपनगराचे स्थान कसे बदलते, याचे हे चांगले उदाहरण. मुलुंडला सरळ छेदणाऱ्या रस्त्यांचा आणि शेजारच्या डोंगररांगेचा लाभ आहे. बोरिवलीला तर राष्ट्रीय उद्यान दाराशी आहे. पहाटे तेथे फिरावयास जाणाऱ्यांना शहरात राहतो याचा क्षणभर विसर पडतो.

डोंबिवली मराठी मध्यमवर्गाने वसविली. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेची प्रथा या गावाने महाराष्ट्राला दिली आणि दिवाळीच्या पहाटे फडके मार्गावर जमणारी तरुणाई ही तेथील ओळखच झाली. रस्ते, वाहतूक यांच्या तक्रारी आहेत. तरीही डोंबिवलीकर आपले गाव सहसा सोडत नाही. वसई-विरारच्या पट्ट्यात केळीच्या बागा आणि फुलांची शेती यांच्या शेजारी उंच इमारती उभ्या राहिल्या. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. तेथील स्तूपाचे उत्खनन 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी केले. बौद्ध आणि जैन वाङ्मयात उल्लेखिलेले हे बंदर आज नोकरदारांना पहाटेच्या गाडीसाठी धावताना पाहते.

आता त्या अपुऱ्या हिशेबाकडे वळू. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे 60 किलोमीटर. घर ते कचेरी दोन तास धरले, तर जाऊन-येऊन चार तास. महिन्याचे 25 दिवस धरले, तर 100 तास. म्हणजे महिन्यातील चार अहोरात्रांहून अधिक काळ प्रवासात जातो. हा काळ कोणाच्या वाट्यातून वजा होतो, ते पाहावे. मुलाचा अभ्यास, आईला डॉक्टरांकडे नेणे, पती-पत्नींचा संवाद, सारे त्यातूनच कापले जाते. डिसेंबरच्या आरंभी मुंबईत सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. सूर्यास्तापूर्वी सर्वांनी एकत्र भोजन करण्याचा ज्या घरांचा परिपाठ आहे, तेथे तो बहुधा रविवारपुरता उरतो. नोकरी आणि घर दोन्ही सांभाळणाऱ्या स्त्रीची ओढाताण तर याहून मोठी.

वृद्धांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. चाळीच्या गॅलरीत उभे राहिले, तरी चार माणसे विचारपूस करीत. चौदाव्या मजल्यावर वारा उत्तम येतो, पण दार बंद असते. उतारवयात नवी ओळख करणे सोपे नसते. नव्या घरात आई-वडिलांना स्वतंत्र खोली मिळाली, याचे समाधान मुलांना असते. त्या खोलीतून ते एकटे कोठे जाऊ शकतात, हा प्रश्न मात्र फारच थोडे विचारतात.

यास्तव घर निश्चित करण्यापूर्वी काही गोष्टी अवश्य कराव्यात. ती जागा जुलै महिन्यातील मुसळधार पावसात एकदा पाहावी. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कोणता भाग सखल आहे याचे उत्तर सर्वांनाच मिळाले. सकाळी आठ वाजता फलाटावर उभे राहून गाडीत चढता येते का, ते अजमावावे. पाणी किती वेळ येते, नळाचे की टँकरचे, हे तेथे राहणाऱ्या गृहिणीस विचारावे. रुग्णालय आणि शाळा किती मिनिटांवर आहेत, ते घड्याळ लावून पाहावे. आणि घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला सोबत नेऊन इमारतीपासून बागेपर्यंत चालावयास सांगावे. तिचे मत विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा अधिक मोलाचे ठरेल.

इतके पाहूनही दूरचे घर घ्यावे लागते, कारण परवडते ते तेच असते. त्यात कमीपणा काहीच नाही. आजची दादर-माटुंगाही एके काळी शहराबाहेरचीच होती. पहिल्या रहिवाशांनी शाळा, वाचनालये, मंडळे उभी केली, तेव्हा त्यांना आजचे रूप आले. नव्या इमारतीत प्रथम राहावयास आलेल्या कुटुंबांच्या हाती तीच संधी असते. जिन्यात भेटणाऱ्याचे नाव विचारावे, शेजारच्या आजींना आपल्या घरी बोलवावे, गच्चीवर महिन्यातून एकदा सर्वांनी एकत्र बसावे. भिंती विकत मिळतात. शेजार मात्र ज्याचा त्यानेच घडवावा लागतो, आणि त्यासाठी त्या शंभर तासांतून काही तास जाणीवपूर्वक वाचवावे लागतात.