सहा किलो तारली, एक तुकडी सुरमई

५० किलो वजनाच्या गरोदर बाईच्या पोटात आठवड्याला ८० मायक्रोग्रॅमपर्यंत मिथाइल मर्क्युरी, म्हणजे माशातला पारा, गेला तर चालतो. अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००३ साली घालून दिलेली ही मर्यादा आहे: वजनाच्या दर किलोमागे आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम. आता हाच हिशेब मासळीत मांडू. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या तपासण्यांत सार्डिनमध्ये, म्हणजे आपल्या तारलीच्या गोतावळ्यात, पारा सरासरी ०.०१३ पीपीएम निघाला. ८० ची हद्द गाठायला आठवड्यात सहा किलोंवर तारली संपवावी लागेल. किंग मॅकरेलमध्ये तोच आकडा ०.७३, तिथे ११० ग्रॅमची एक तुकडी पुरते. शार्कमध्ये ०.९८, म्हणजे जेमतेम ८२ ग्रॅम. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची मर्यादा तर याच्या निम्म्याहूनही कमी आहे.

घोळ होतो तो नावात. मोबाइलवर ‘गरोदरपणात मॅकरेल टाळा’ असं वाचून कर्नाटकातल्या लोंढा-खानापूरकडच्या एखाद्या घरात सुनेच्या ताटातला बांगडा काढून घेतात. पण ताकीद आहे ती किंग मॅकरेलसाठी. तो वीतभर बांगडा नव्हे; तो आपल्या सुरमईचा, गोवेकरांच्या इसवणाचा, अटलांटिकमधला चुलतभाऊ. बांगडा लहान, थोडंच आयुष्य जगणारा, पाण्यातलं बारीकसारीक गाळून खाणारा. पारा साठतो तो मासे खाणाऱ्या माशात, आणि मासा जितका मोठा नि म्हातारा तितका जास्त. गंमत अशी, की लेकीचे डोहाळे पुरवायचे म्हणून माहेरची माणसं नेमकी सुरमईची जाड तुकडी आणतात, आणि तारलीला गरिबाची मासळी म्हणून नाक मुरडतात. दर आणि पारा इथे हातात हात घालून चढतात.

मोरीचा मामला याहून नाजूक. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरीचं कालवण घालायची रीत कोकण-गोव्यात जुनी आहे. मोरी म्हणजे शार्कच, आणि अमेरिकन सल्ला गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या दोघींनाही शार्क वर्ज्य सांगतो. आपल्याकडे कालवणाला येते ती बहुधा लहान मुशी. तिच्यात पारा मोठ्या शार्कइतका नसावा. तरी दूध वाढवण्यासाठी तिच्यावाचून अडतं असं मला वाटत नाही. आणखी एक: शरीरातला हा पारा निम्मा व्हायला साधारण ५० दिवस लागतात. दिवस राहिल्याचं कळल्यावर सुरू केलेलं पथ्य त्यामुळे थोडं उशिराचंच.

मग मासळीच बंद केली तर? २००७ साली ‘लॅन्सेट’मध्ये इंग्लंडच्या ब्रिस्टल परिसरातल्या ११,८७५ गरोदर बायकांचा अभ्यास आला. आठवड्याला ३४० ग्रॅमहून जास्त मासळी खाणाऱ्यांच्या तुलनेत, अजिबात न खाणाऱ्यांची मुलं शाब्दिक बुद्ध्यांकात तळाच्या चौथाईत असण्याचं पारडं १.४८ पट जड निघालं. मासळी खाणारी घरं मुळात सुखवस्तू असतील, अशी शंका इथे रास्त आहे; संशोधकांनी असे २८ घटक हिशेबात धरूनही फरक उरला. हा पुरावा निरीक्षणाचा आहे, प्रयोगाचा नाही, एवढं लक्षात ठेवायचं.

आपल्या मुलखात मला मेंदूइतकीच रक्ताची काळजी वाटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायका रक्तक्षयी निघाल्या. आधीच्या पाहणीत त्या ५०.४ टक्के होत्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांत पाहिलं, तर दोनतृतीयांश गरोदर बायकांत रक्ताला लागणारं बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. दिवसाची गरज अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास, आणि बांगड्याच्याच गोतावळ्यातल्या अटलांटिक मॅकरेलच्या १०० ग्रॅममध्ये ते आठाच्या वर. कर्नाटकच्या मातृपूर्ण योजनेत अंगणवाडीत जेवणाबरोबर अंडं मिळतं, ते चांगलंच. मासा मात्र घरच्यालाच आणावा लागतो.

किती आणायचा? अमेरिकन सल्ला आठवड्याला कमी पाऱ्याची २२५ ते ३४० ग्रॅम मासळी खा असा आहे. दीडशे ग्रॅमच्या बांगड्याचं डोकं, आतडी, काटा गेला की खायला ऐंशी-नव्वद ग्रॅम उरतं. म्हणजे आठवड्याला तीन-चार बांगडे, दोन-तीन जेवणांत वाटून. बदल म्हणून तारली, मुडदुशी, कोळंबी.

लोंढ्याचा खरा प्रश्न पाऱ्याहून बर्फाचा आहे. मासळी येते घाट चढून, अनमोडच्या वाटेने. वाटेत बर्फ वितळला, की बांगडा आणि तारली यांच्यात जिवाणू हिस्टामीन तयार करतात, आणि ते शिजवल्याने जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल, डोकं ठणकतं, अंगाला खाज. लोक म्हणतात, मासा बाधला. म्हणून खोक्यात हात घालून बघावं: खाली बर्फ आहे की नुसतं पाणी. कल्ला उचलावा, लालभडक हवा. तपकिरी, चिकट असेल तर मावशी कितीही ‘आत्ताच उतरलाय’ म्हणू देत, पुढे चालावं. आंबट-उग्र वासाइतकाच अजिबात वास नसलेला, माशी न बसणारा मासाही मला खटकतो. जुलै २०१८ मध्ये मासा टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन लावल्याच्या संशयावरून गोवा सरकारने बाहेरून येणारी मासळी १८ तारखेपासून पंधरा दिवस बंद केली होती, ते अजून आठवतं.

जून-जुलैचे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, तेव्हा घराघरांत सुकट आणि सुका बांगडा निघतो. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि खाऱ्या बांगड्याचा एक तुकडा त्यातला मोठा वाटा खातो. रक्तदाब चढलेला असेल, पायावर सूज असेल, तर तो बाजूलाच ठेवावा. नाहीतर रात्री भिजत घालायचा, सकाळी ते पाणी ओतून द्यायचं, आणि त्या दिवशी आमटीत मीठ टाकायचं नाही.