राष्ट्रीय संस्कृती आणि खिलाडूवृत्ती : आंतरराष्ट्रीय फुटबॉलच्या संदर्भात काही विचार

खेळाच्या मैदानावर राष्ट्राचा स्वभाव प्रकट होतो, असे विधान आपण सहजपणे करतो आणि तितक्याच सहजपणे मान्यही करतो. इंग्रज सरळमार्गी, जर्मन शिस्तबद्ध, दक्षिण अमेरिकन धूर्त, इटालियन नाटकी ही विशेषणे क्रीडावृत्तांतून इतकी रुळलेली आहेत, की त्यांच्यासाठी पुरावा मागावा असे कोणास सुचत नाही. सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकाने मात्र तो मागावयास हवा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर ‘राष्ट्रीय स्वभाव’ ही कल्पना आधारभूत मानून मानवशास्त्रज्ञांनी विपुल लेखन केले. रूथ बेनेडिक्ट यांचा जपानविषयक १९४६ चा ग्रंथ हा त्याचा सर्वपरिचित नमुना होय. पुढे विद्यापीठांतून ती कल्पना बरीचशी मागे पडली. मैदानाच्या कडेला मात्र ती अजूनही सुखेनैव नांदत आहे. प्रस्तुत लेखात फुटबॉलमधील काही प्रसंगांच्या आधारे असे सुचवावयाचे आहे, की सचोटीचे प्रमाण राष्ट्राराष्ट्रांत कमीअधिक असते असे मानण्यापेक्षा, लबाडी कशास म्हणावयाचे याविषयीचे संकेत निरनिराळे असतात, असे मानणे अधिक युक्त ठरेल.

ह्या दृष्टीने २३ जुलै १९६६ रोजी लंडनच्या वेंब्ली मैदानावर झालेला इंग्लंड आणि अर्जेंटिना यांच्यातील विश्वचषकाचा उपान्त्यपूर्व सामना विशेष विचारात घेण्याजोगा आहे. पंच होते पश्चिम जर्मनीचे रुडॉल्फ क्राइटलाइन. सामन्याच्या पस्तिसाव्या मिनिटाला त्यांनी अर्जेंटिनाचे कर्णधार अंतोनियो रातीन यांना मैदानाबाहेर जाण्याची आज्ञा केली. रातीन यांचे म्हणणे असे, की कर्णधार या नात्याने आपण पंचांकडे केवळ दुभाषी मागत होतो. पंचांचे म्हणणे असे, की त्यांची मुद्रा आणि बोलण्याची तऱ्हा अपमानकारक होती. क्राइटलाइन यांना स्पॅनिश भाषा येत नव्हती; तेव्हा हा अपमान त्यांनी शब्दांत ऐकलेला नसून चेहऱ्यावर वाचलेला होता, हे उघड आहे. रातीन कित्येक मिनिटे मैदान सोडीनात. शेवटी उरलेल्या दहा जणांनिशी अर्जेंटिनाचा संघ खेळला आणि हर्स्ट यांच्या एकमेव गोलामुळे पराभूत झाला. सामना संपल्यावर इंग्लंडचे व्यवस्थापक अल्फ रॅम्झी यांनी आपल्या एका खेळाडूस रूढीप्रमाणे प्रतिपक्षाशी जर्सी बदलू दिली नाही, आणि नंतरच्या मुलाखतीत प्रतिपक्षाच्या वर्तनास जनावरांची उपमा दिली. अर्जेंटिनामध्ये याच सामन्यास ‘शतकातील चोरी’ हे नाव पडले. त्याच दिवशी शेफील्ड येथे पश्चिम जर्मनीविरुद्ध खेळणाऱ्या उरुग्वेच्या दोन खेळाडूंना इंग्रज पंचाने बाहेर काढले होते. इंग्लंडच्या सामन्यास जर्मन पंच आणि जर्मनीच्या सामन्यास इंग्रज पंच, हा योगायोग आहे असे दक्षिण अमेरिकेत फारसे कोणी मानले नाही.

ह्या सामन्याविषयी नेहमी उद्धृत केल्या जाणाऱ्या एका गणनेप्रमाणे अर्जेंटिनाचे फाऊल १९, तर इंग्लंडचे ३३ होते. हा आकडा इंग्रज प्रेक्षकास दाखविला असता, तर त्याचे मत बदलले असते काय? मला तसे वाटत नाही. त्याची तक्रार फाऊलच्या संख्येविषयी नव्हतीच. ती त्यांच्या जातीविषयी होती.

हे समजण्यासाठी इंग्लंडमधील फुटबॉलचा उगम पाहावा लागतो. १८६३ मध्ये लंडन येथे फुटबॉल असोसिएशनची नियमावली ठरत असता सर्वांत तीव्र वाद झाला तो प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारण्याची मुभा असावी की नसावी, याविषयी. ही मुभा काढून टाकल्यास खेळातील मर्दपणा नष्ट होईल, असा ब्लॅकहीथ क्लबचा आग्रह होता, व तो मान्य न झाल्याने तो क्लब संघटनेतून बाहेर पडला. म्हणजे ज्यास आज आपण निखळ हिंसा म्हणू, ती तेथील सुशिक्षित गृहस्थांच्या एका वर्गास सद्गुणाची कसोटी वाटत होती. पुढे १८९१ मध्ये पेनल्टीचा नियम आला, तेव्हा गृहस्थ हेतुपुरस्सर लबाडी करील हे गृहीत धरणेच अपमानास्पद आहे, असे हौशी खेळाडूंतील अनेकांस वाटले. नडगी फोडणे चालेल, पण फसविणे कल्पनेतही चालणार नाही, असा हा नीतिविचार आहे. त्याचे अवशेष दीर्घकाळ टिकले. १९५८ च्या एफ. ए. कप अंतिम सामन्यात बोल्टनचे नॅट लॉफ्टहाउस यांनी मँचेस्टर युनायटेडचे गोलरक्षक हॅरी ग्रेग यांना चेंडूसकट धडक देऊन गोलात लोटले, आणि तो गोल पंचांनी ग्राह्य धरला. ब्वेनोस आयरेसच्या प्रेक्षकाने ह्या कृत्यास रानटीपणा म्हटले असते.

तिकडे ला प्लाता नदीच्या दोन्ही तीरांवर हा खेळ इंग्रज शाळांच्या व रेल्वे कंपन्यांच्या आवारांतून बाहेर पडून वस्त्यांमधील मोकळ्या जागांत रुजला. अर्जेंटिनाचे मानवशास्त्रज्ञ एदुआर्दो आर्केत्ती यांनी ‘एल ग्राफिको’ ह्या साप्ताहिकाच्या जुन्या अंकांवरून दाखवून दिले आहे, की १९२० नंतरच्या दशकात तेथील क्रीडालेखकांनी एक राष्ट्रीय शैली जाणीवपूर्वक शब्दबद्ध केली. इंग्रजांचा खेळ यंत्रासारखा, बळावर आधारलेला. आपला खेळ गल्लीतल्या पोराचा, हुलकावणीचा, उत्स्फूर्त. बोरोकोतो ह्या टोपणनावाने लिहिणाऱ्या पत्रकाराने तर १९२८ मध्ये अशा पोराचा पुतळा उभारण्याची कल्पना मांडली. ‘देशी चलाखी’ अशा अर्थाचा एक शब्दप्रयोग तेथील भाषेत आहे; त्यात निंदा आणि कौतुक यांचे प्रमाण प्रसंगानुसार बदलते. २२ जून १९८६ रोजी मेक्सिको सिटीत दिएगो मारादोना यांनी इंग्लंडविरुद्ध हाताने केलेला गोल ह्या चौकटीत पाहिला पाहिजे. मात्र एक गोष्ट अभ्यासकाने नजरेआड करू नये. ही शैली मातीतून उगवली असे तिचे समर्थक सांगतात. प्रत्यक्षात ती संपादकीय कचेऱ्यांतून, स्थलांतरितांच्या समाजास एक ओळख देण्याच्या गरजेपोटी आणि इंग्रजांस प्रत्युत्तर म्हणून घडविली गेली. संस्कृती येथे वर्तनाचे कारण जितकी आहे, तितकेच त्याचे मागाहून केलेले समर्थनही आहे.

जाता जाता आपल्या भाषेकडे पाहावे. ‘खिलाडूवृत्ती’ हा शब्द आपण इंग्रजी कल्पनेसाठी योजतो; परंतु मराठी मुलांच्या खेळातील मूळ दोषवाचक शब्द आहे ‘रडी’. बाद झाल्यावर ते मान्य न करणे, डाव अंगावर आला म्हणून कुरकुरणे, म्हणजे रडीचा डाव. हुलकावणी देणे हा मात्र आपल्याकडे दोष नव्हे. हुतूतूमध्ये तर ते कौशल्यच होय. ह्या संकेतानुसार वेंब्लीच्या सामन्यात रातीन यांचा अपराध मैदान न सोडण्याचा ठरेल, त्यापूर्वीचा काहीच ठरणार नाही. इंग्रजांची आणि अर्जेंटिनाची यादी यांहून ही तिसरीच यादी झाली.

वेंब्लीच्या प्रसंगाचे एक फलित चिरस्थायी झाले. त्याच सामन्यात आपणास ताकीद मिळाली होती, हे इंग्लंडचे जॅक चार्ल्टन यांना नंतर वृत्तपत्रांवरून समजले. स्पर्धेच्या पंचांचे प्रमुख केन ॲस्टन यांनी ह्या गोंधळावर विचार केला, आणि लंडनच्या रस्त्यावरील वाहतुकीचे दिवे पाहून त्यांना पिवळ्या आणि तांबड्या कार्डांची कल्पना सुचली. १९७० च्या मेक्सिकोतील स्पर्धेत ती प्रथम अमलात आली. भाषाभेद ओलांडणारी ही खूण होती खरी. तिने शिक्षा सर्वांना समजेल अशी केली, पण अपराध सर्वांना सारखा वाटेल असे मात्र केले नाही.

हीच कार्डे पुढे संशोधकांच्या उपयोगी पडली. एडवर्ड मिगेल, सेबास्तियान सायेघ आणि शंकर सत्यनाथ यांनी युरोपातील व्यावसायिक लीगमध्ये खेळणाऱ्या अनेक देशांच्या खेळाडूंची माहिती एकत्र करून २००८ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. खेळाडू निरनिराळ्या देशांचे, परंतु नियम, पंच आणि वेतनाची व्यवस्था एकच. म्हणजे कायदा आणि दारिद्र्य यांचा प्रभाव वेगळा काढून संस्कृतीचा प्रभाव तपासण्याची ही दुर्मीळ संधी होय, असा त्यांचा युक्तिवाद. (मिगेल यांनी रेमंड फिसमन यांच्यासह न्यूयॉर्कमधील परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांच्या गाड्या उभ्या करण्याबाबतच्या न भरलेल्या दंडाचा अभ्यास केला होता; तेथील युक्तिवादही ह्याच घाटाचा आहे.) त्यांना असे आढळले, की ज्या देशाने यादवी युद्ध अधिक भोगले, त्या देशाच्या खेळाडूंना पिवळी व तांबडी कार्डे अधिक मिळतात. खेळाडूचे वय, मैदानावरील स्थान, देशाचे दरडोई उत्पन्न, कायद्याचे राज्य इत्यादी घटक विचारात घेऊनही हा संबंध टिकतो. हिंसेशी निगडित नसलेल्या खेळाच्या अन्य अंगांशी मात्र यादवी युद्धाचा तसा संबंध दिसत नाही.

निबंधाची रचना चतुर आहे, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तो मुळातून वाचावा. तथापि त्यात मोजले काय गेले, ह्याचा विचार केला पाहिजे. कार्ड हे खेळाडूचे कृत्य नव्हे. ते त्या कृत्यावरील पंचाचे मत आहे. क्राइटलाइन यांनी रातीन यांच्या चेहऱ्यावर जे वाचले, तशा असंख्य वाचनांची बेरीज म्हणजे ही आकडेवारी. अमुक देशाचा खेळाडू आडदांड असतो असा पंचाचा पूर्वग्रह असल्यास तो ह्या बेरजेत मिसळतो आणि पुन्हा वेगळा काढता येत नाही. शिवाय यादवी युद्ध ही एका पिढीची आपत्ती आहे. तिचा परिणाम मनावर होत असेल. नव्हे, होतच असावा. पण त्या परिणामास ‘संस्कृती’ म्हणणे म्हणजे जखमेस स्वभाव म्हणण्यासारखे आहे.

सरासरीवरून व्यक्तीविषयी काही सांगण्याचा मोह तर अधिकच घातक. इटालियन खेळाडू पाओलो दी कानियो यांनी सप्टेंबर १९९८ मध्ये इंग्लंडमधील एका सामन्यात पंचांना ढकलून पाडले. त्यांना अकरा सामन्यांची बंदी झाली. डिसेंबर २००० मध्ये एव्हर्टनविरुद्ध प्रतिपक्षाचा गोलरक्षक जखमी होऊन पडला असता, त्याच दी कानियो यांनी गोल करण्याची संधी सोडून चेंडू हातात धरला आणि खेळ थांबविला. त्याबद्दल त्यांना फिफाचे फेअर प्ले पारितोषिक मिळाले. पहिल्या प्रसंगी त्यांचे इटालियनत्व वृत्तपत्रांना आठवावे आणि दुसऱ्या प्रसंगी ते स्वतःच्या थोरवीचे धनी व्हावेत, ही आपली नेहमीची रीत आहे.

आणखी एक गुंतागुंत राहते, ती नियम पाळूनही खिलाडूवृत्ती सोडण्याची. २५ जून १९८२ रोजी स्पेनमधील हिहोन येथे पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांना ठाऊक होते, की जर्मनी एका गोलाने जिंकल्यास दोघेही पुढे जातील आणि आदल्याच दिवशी आपले सामने संपविलेला अल्जीरिया बाहेर पडेल. प्रारंभीच्या गोलानंतर उरलेला बहुतेक वेळ दोन्ही संघांनी चेंडू इकडून तिकडे फिरविण्यात घालविला. नियमभंग झालेला नसल्याने अल्जीरियाची तक्रार फेटाळली गेली. पुढील विश्वचषकापासून गटातील अखेरचे सामने एकाच वेळी सुरू करण्याची व्यवस्था झाली, ती यामुळेच. २ जुलै २०१० रोजी उरुग्वेच्या लुईस सुआरेझ यांनी घानाचा निश्चित गोल हाताने अडविला, नियमाप्रमाणे तांबडे कार्ड घेतले आणि नियमाप्रमाणे घानाला पेनल्टी मिळाली. ती वाया गेली. घानात ती लबाडी ठरली, उरुग्वेत आत्मत्याग.

२८ जून २०१८ रोजी रशियातील व्होल्गोग्राद येथे जपानचा संघ पोलंडविरुद्ध ०-१ असा मागे होता. दुसरीकडे कोलंबियाविरुद्ध सेनेगलही त्याच गोलसंख्येने मागे पडलेला. दोघांचे गुण, गोल आणि परस्परांतील सामन्याचा निकाल सर्व समसमान. फरक एवढाच, की जपानला चार पिवळी कार्डे होती व सेनेगलला सहा. तेव्हा अखेरची सुमारे दहा मिनिटे जपानी खेळाडूंनी आक्रमण न करता चेंडू आपापसांत खेळविला आणि प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो केली. फेअर प्लेच्या गुणांवर जपान पुढे गेला. विश्वचषकात असा निर्णय प्रथमच झाला. हाच संघ पुढे बेल्जियमकडून हरल्यावर आपली खोली झाडून, रशियन भाषेत आभाराची चिठ्ठी ठेवून परतला. ती खोली जपानी संस्कृतीची साक्ष म्हणून जगभर गाजली. ती दहा मिनिटे त्याच संस्कृतीच्या खात्यावर कोणी मांडली नाहीत. सेनेगलचे प्रशिक्षक अल्यू सिसे यांनी मात्र सामन्यानंतर सांगितले, की नियम आहे तो आहे, त्याचा मान राखला पाहिजे. कार्डांच्या हिशेबाने कमी खिलाडू ठरलेला संघ रडीचा डाव न खेळता घरी गेला.