एका संगणकात दोन कारभारी

प्रथिनाच्या रेणूची लांब साखळी पाण्यात क्षणोक्षणी कशी वळते, हे साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. ते गणिताने काढावे लागते. त्यासाठी शास्त्रज्ञ ‘ग्रोमॅक्स’ नावाची आज्ञावली वापरतात. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठात ती 1990 च्या दशकात तयार झाली. ती कोणालाही विनामूल्य मिळते. पण अशा आज्ञावल्या बहुधा लिनक्स डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात, आणि घरच्या संगणकावर असते विंडोज! मग हे काम घरी करायचेच नाही का?

अडचण नेमकी कोठे आहे ते आधी पाहू. प्रोसेसर दोन्हीकडे एकाच जातीचा असू शकतो. बेरीज-गुणाकाराच्या सूचनाही त्याच. पण फाईल उघडणे, पडद्यावर अक्षर उमटवणे ही कामे आज्ञावली स्वतः करत नाही. ती कार्यप्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, विनंती करते. या विनंतीला ‘सिस्टीम कॉल’ म्हणतात.

एखाद्या कचेरीतील खिडक्या आठवा. प्रत्येक कामाची खिडकी वेगळी. इंटेल पद्धतीच्या 64 बिटांच्या प्रोसेसरवर लिनक्समध्ये ‘वाच’ या विनंतीचा क्रमांक 0, ‘लिही’चा 1 आणि ‘उघड’चा 2 आहे. विंडोजच्या कचेरीत क्रमांक निराळे आणि अर्जाचे नमुनेही निराळे. शिवाय आज्ञावलीच्या फाईलची बांधणीही वेगळी असते. त्यामुळे लिनक्सची आज्ञावली विंडोज दारातूनच परत पाठवते.

यावर तीन उपाय निघाले. पहिला, मूळ आज्ञावली विंडोजसाठी नव्याने बांधायची आणि सोबत एक दुभाषा द्यायचा. 1995 मध्ये सुरू झालेले ‘सिगविन’ हे काम करते. दुसरा उपाय मायक्रोसॉफ्टने 2016 मध्ये आणला. त्यात आज्ञावली बदलावी लागत नाही. तिची प्रत्येक विनंती विंडोज स्वतःच समजून घेते. परंतु लिनक्समध्ये अशा विनंत्या 300 हून अधिक आहेत, आणि प्रत्येकीच्या बारीकसारीक खोडी वेगळ्या! काही आज्ञावल्या अडूनच बसत. म्हणून 2020 मध्ये तिसरा उपाय सर्वांना मिळाला: लिनक्सचे खरेखुरे कर्नेलच विंडोजच्या आत, एका आभासी संगणकात चालवायचे. आता दुभाष्याची गरजच उरली नाही. एका वाड्यात दोन कारभारी नांदावेत तसे हे झाले. आकडेमोड थेट प्रोसेसरवरच होत असल्याने तिचा वेग फारसा कमी होत नाही. स्मृती मात्र दोघांना वाटून घ्यावी लागते. तसेच एका कारभाऱ्याने दुसऱ्याच्या कोठारातील फाईल मागितली, तर वेळ अधिक लागतो. म्हणून लिनक्सच्या आज्ञावलीला लागणारी माहिती लिनक्सच्याच भागात ठेवावी.

आणखी एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. लिनक्सला इंग्रजीतील मोठे आणि लहान अक्षर वेगळे वाटते. विंडोजला सहसा ते एकच वाटते. समजा, दोन प्रयोगांची उत्तरे तुम्ही लिनक्समध्ये दोन फाईलींत ठेवली आणि त्यांच्या नावांत फक्त पहिले अक्षर मोठे-लहान आहे. त्या विंडोजच्या एका फोल्डरमध्ये नेल्या, तर दुसरी फाईल पहिलीवर लिहिली जाऊ शकते. रात्रभर चाललेल्या गणिताचे उत्तर मग हाती राहणार नाही! म्हणून नावे पूर्ण वेगळी ठेवा आणि नक्कल केल्यावर फाईली मोजून पाहा.

हा फरक तुम्हांला स्वतः पडताळता येईल. विंडोजच्या एका फोल्डरमध्ये अशा जोडनावांच्या दोन फाईली करून पाहा. विंडोज हरकत घेईल. मग तेच लिनक्समध्ये करा. दोन्ही फाईली शेजारी शेजारी दिसतील.