सोवळं नको, सैल बाही हवी

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागलं की नेवासा तालुक्यातलं घोडेगाव येतं. कांद्याचं मार्केट, जनावरांचा बाजार, आणि शनिशिंगणापूरकडे वळणारा फाटा. (आंबेगाव तालुक्यातलं घोडेगाव वेगळं, ते पुणे जिल्ह्यात.) शिंगणापूर इथून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे देवाला जाताना काय नेसायचं, कुणी कुठपर्यंत जायचं, हे प्रश्न या पट्ट्यातल्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाहीत. अडचण एवढीच, की लसीकरणाचं सत्र एखाद्या मंदिराच्या सभामंडपात भरलं की हेच प्रश्न थेट सुईपर्यंत येऊन पोचतात. आंघोळ करून यायचं का? धूतवस्त्र लागेल का? जीन्स चालेल का? सुनेला 'अडचण' आहे, तिनं यायचं की नाही?

लस घेताना काय घालावं, याला देवाधर्माशी संबंध नसलेलं एकच उत्तर आहे: दंड खांद्यापर्यंत सहज उघडा करता येईल असं काहीही. सोवळ्याचा, रंगाचा किंवा डोक्यावरच्या पदराचा नियम लसीकरणाला नाही. सत्र मंदिरात असो, मशिदीत, चर्चमध्ये की जिल्हा परिषदेच्या शाळेत.

गैरसमज मुळात आला कुठून, हे समजण्यासारखं आहे. शिंगणापूरला एके काळी चौथऱ्यावर चढून तेल वाहायचं तर पुरुषांनी आंघोळ करून ओल्या भगव्या वस्त्रानं जायचं, आणि बायकांनी चौथऱ्याखालूनच हात जोडायचे, अशी रीत होती. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं 1 एप्रिल 2016 रोजी महिलांना मंदिरप्रवेशाचा हक्क असल्याचं स्पष्ट केलं आणि त्याच महिन्यात, 8 एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी देवस्थाननं चौथरा सगळ्यांना खुला केला. म्हणजे कपड्यांचा आणि प्रवेशाचा वाद इथल्या लोकांनी दारातच पाहिला आहे. त्यात अलीकडे भर पडली वस्त्रसंहितेची. मे 2023 मध्ये तुळजापूरला तोकड्या कपड्यांना बंदीचे फलक लागले आणि ओरड झाल्यावर त्याच दिवशी मागे घेतले गेले. 2025 च्या सुरुवातीला मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिरानं भाविकांसाठी पोशाखाचे नियम जाहीर केले. अशा बातम्या रोज कानावर पडल्या की मंदिरात पाऊल टाकायचं म्हणजे पोशाख तपासला जाणार, असं वाटणारच.

पण हे सगळे नियम दर्शनाचे आहेत. सत्रासाठी देवस्थान फक्त जागा देतं, आणि तीही गाभाऱ्यातली नव्हे. सभामंडपातली, भक्तनिवासातली किंवा मंगल कार्यालयातली. तिथं टेबल कुठं मांडायचं, कुणाला आधी घ्यायचं, टोचल्यावर किती वेळ बसवायचं हे आरोग्य खातं ठरवतं. कोविड लसीकरणासाठी केंद्र सरकारनं डिसेंबर 2020 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत केंद्राची मांडणी लिहून दिलेली होती: थांबण्याची जागा, टोचण्याची जागा, निरीक्षणाची जागा. टोचण्याच्या जागी एका वेळी एकच माणूस, म्हणजे आडोसा राहतो. कपड्यांचा प्रश्न सरकारी यंत्रणेनं विचारात घेतला तो असा, अंग झाकायचं की उघडायचं या अर्थानं नव्हे, तर उघडताना संकोच होऊ नये म्हणून.

आणखी एक गोष्ट लोक सोयीस्कर विसरतात. 2021 च्या उन्हाळ्यात लसीसाठी पहाटेपासून रांगा लागत होत्या, 1 मेपासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली होती, तेव्हा राज्यातली मंदिरं भाविकांसाठी बंदच होती. ती उघडली 7 ऑक्टोबर 2021 ला, घटस्थापनेच्या दिवशी. ज्या दिवसांत देवाचं दर्शनच नव्हतं, त्या दिवसांतही 'मंडपात लस आहे, मग सोवळ्यात जायचं का?' हा प्रश्न विचारणाऱ्यांना काय म्हणावं!

खरी चीड याची येते, की जो प्रश्न विचारायला हवा तो कुणी विचारत नाही. तो आहे बाहीचा.

मंडपातलं दृश्य एकदा जवळून पाहावं. देवळाला जायचं म्हणून बाई ठेवणीतली साडी नेसून आलेली असते. ब्लाउज कोपरापर्यंत बाहीचा, अंगाबरोबर शिवलेला, बाहीला काठाची पट्टी. खुर्चीत बसल्यावर ती बाही वर सरकवू लागते. बाही दंडाच्या मध्यावर अडकते आणि तिथंच करकचून बसते. सिस्टर एका हातात सिरिंज धरून थांबलेली. मग कुणीतरी सुचवतं, गळ्याकडून खांदा मोकळा करा. दोन हूक निघतात, ब्लाउज खांद्यावरून थोडा खाली येतो, पदराचा आडोसा होतो. सुईला जागा मिळते, पण नको तिथं.

दंडात द्यायची लस डेल्टॉइड नावाच्या स्नायूत जावी लागते. खांद्याच्या टोकाला हाताला लागणारं हाड असतं, त्याच्या दोन-तीन बोटं खाली या स्नायूचा जाडसर भाग आहे. बाही खालून दाबून वर सारली तर टोचण्याची जागा खाली सरकते, आणि तिथून हातातली एक मोठी नस फार लांब नसते. गळ्याकडून खांदा उघडला तर उलट होतं, सुई फार वर, थेट सांध्याच्या पिशवीजवळ जाते. अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी 2007 मध्ये 'व्हॅक्सीन' या नियतकालिकात अशा रुग्णांबद्दल लिहिलं: लस फार वर टोचली गेल्यानं खांदा महिनोन् महिने दुखत राहिला, हात वर उचलेना. दंडाच्या स्नायूच्या वरच्या एक तृतीयांश भागात सुई देऊ नये, असा सल्ला त्यांनी दिला. 2017 पासून अमेरिकेनं लशीच्या नुकसानभरपाईच्या अधिकृत यादीत या खांद्याच्या इजेचा समावेश केला आहे. अशी इजा क्वचितच होते, आणि तो दोष लशीचा नसून चुकलेल्या जागेचा असतो. तरी ती टाळण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय शिंप्याकडे आहे.

म्हणून साडीवर सैल, आखूड बाहीचा ब्लाउज घालावा. बिनबाहीचा देवळात नको वाटत असेल तर वरून ओढणी किंवा शाल घ्यावी. लस ओढणीवरून द्यायची नसते, ती बाजूला करता येते. पुरुषांनी हाफ शर्ट किंवा ढगळ बाहीचा नेहरू शर्ट घालावा. आतून घट्ट फुल बनियन, वर फुल शर्ट, त्यावर जाकीट असा थाट करून आलेला माणूस रांगेतली पाच मिनिटं एकटा खातो. बुरख्याची सैल बाही पुष्कळदा सोयीचीच ठरते. आडोसा आणि सिस्टर असली की प्रश्न मिटतो. आणि गंमत अशी, की शिंगणापूरच्या जुन्या रीतीनं उघड्या अंगानं येणाऱ्या पुरुषाचा दंड सगळ्यात मोकळा! फक्त अंग कोरडं करून बसावं.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत तर कपड्यांचा घोळ जास्तच. देवळात न्यायचं म्हणून बाळाला कुंची, स्वेटर, वर दुपटं, पायात घट्ट लेगिंग. राष्ट्रीय वेळापत्रकानुसार दीड महिन्याच्या बाळाला पेंटाव्हॅलंट डाव्या मांडीत, न्यूमोकोकल उजव्या मांडीत आणि पोलिओची इंजेक्शनवाली लस उजव्या दंडात मिळते. म्हणजे दोन मांड्या आणि एक दंड मोकळा लागतो. नऊ महिन्यांनंतर गोवर-रुबेलाची लस उजव्या दंडात असते. पुढून उघडणारं झबलं आणि पटकन सुटणारं लंगोट किंवा डायपर एवढं पुरे. थंडी असेल तर दुपट्यात गुंडाळून आणावं, टोचून झालं की पुन्हा गुंडाळावं.

दुसरा हट्टी गैरसमज पाळीचा. देवळातली लस आणि पाळी असं एकत्र आलं की घरातल्या मोठ्या बायकाच 'पुढच्या खेपेला घे' म्हणतात. एप्रिल 2021 मध्ये याला मोबाइलचं खतपाणी मिळालं. पाळीच्या पाच दिवस आधी आणि पाच दिवस नंतर मुलींनी कोविडची लस घेऊ नये, प्रतिकारशक्ती कमी झालेली असते, असा संदेश घरोघर फिरला. पत्र सूचना कार्यालयाच्या फॅक्ट चेक विभागानं 24 एप्रिलला तो खोटा असल्याचं जाहीर केलं. पाळीत कोणतीही नेहमीची लस घेता येते. राहिला प्रश्न मंडपात पाऊल टाकण्याचा. ज्या बाईला स्वतःलाच जायचं नाही, तिनं आशाताईंना दुसरं ठिकाण विचारावं. उपकेंद्र आहे, अंगणवाडी आहे. पण घरच्यांनी तिच्या वतीनं ठरवून तिचा डोस चुकवू नये. आणि ज्या गावात हा संकोच मोठा आहे, तिथं मंडपाऐवजी शाळेची खोली मागण्याचं शहाणपण गावानं दाखवावं. गरोदर बाईच्या धनुर्वाताच्या डोसाची तारीख कुणाच्या सोवळ्यासाठी थांबत नाही.

बाकीच्या समजुती पटकन आटोपू. लस कमरेत देतात, साडी सैल करावी लागेल: नाही. मोठ्यांना या लशी दंडातच मिळतात. कुत्रं चावल्यावरची लसही आता दंडात असते, पोटातली जुनी इंजेक्शनं भारतात 2004 च्या अखेरीस बंद झाली. मंगळसूत्र, बांगड्या, गंडादोरा काढावा लागतो: गरज नाही, दंडावर वाकी किंवा ताईत असेल तर तेवढा सरकवावा. काळे कपडे नकोत: रंगाचं लशीला काही देणंघेणं नाही. शनिवारी लोखंड टोचून घेऊ नये: सुई स्टेनलेस स्टीलची असते आणि रोगजंतू वार पाहत नाहीत; मात्र शनिअमावास्येला घोडेगावच्या फाट्यावर गाड्यांची जी रांग लागते, ती पाहता त्या दिवशी लांबून येणं टाळावं, हे खरं. देवळात जायचं म्हणून उपाशीपोटी यावं: उलट चार घास खाऊन यावं, रिकाम्या पोटी चक्कर येते आणि खापर लशीवर फुटतं. टोचल्या जागी अंगारा किंवा हळद लावावी: अंगारा कपाळाला लावावा, सुईच्या जागी काहीच नको.

प्रार्थनास्थळात लस हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. जानेवारी 2021 मध्ये इंग्लंडमधल्या सॅलिसबरी कॅथेड्रलमध्ये लसीकरण सुरू झालं, तेव्हा येणाऱ्यांसाठी ऑर्गन वाजवला जात होता. लंडनच्या नीसडनमधल्या स्वामीनारायण मंदिराच्या आवारातही त्याच सुमारास केंद्र उघडलं. ऐन थंडीत कोट-स्वेटर घालून येणाऱ्यांना तिथंही सूचना एकच होती: दंड सहज मोकळा होईल असे कपडे घाला. आपल्याकडे नोव्हेंबर 2021 मध्ये लसीकरण मागे पडलेल्या भागांसाठी धर्मगुरूंची मदत घेण्याचं ठरलं. राज्याचे तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी तर सलमान खानचंही नाव घेतलं होतं. लोक देवाच्या दारात विश्वासानं येतात, म्हणून ती जागा निवडली जाते. त्याच दारात कपड्यांवरून कुणी परत फिरलं तर जागा निवडण्याचा हेतूच बुडतो.

तेव्हा देवस्थानांच्या विश्वस्तांना एक विनंती. सत्राच्या आदल्या संध्याकाळी आरतीनंतर मंदिराच्या स्पीकरवरून तारीख-वेळ सांगतातच, त्यात आणखी दोन वाक्यं घालावीत: 'लसीसाठी येताना सोवळ्याची गरज नाही, कुणालाही मनाई नाही. सैल बाहीचे कपडे घाला, जेवून या, बाळाचं कार्ड आणा आणि टोचल्यावर अर्धा तास मंडपातच बसा.'