वाढावा कोणाच्या हाती?

सामाजिक उद्योजकता म्हणजे एखादा सामाजिक प्रश्न, बहुधा दारिद्र्याचा, सोडवण्यासाठी उभारलेला असा उद्योग, जो देणग्यांवर विसंबून न राहता मालाच्या वा सेवेच्या विक्रीतून आपला खर्च भागवतो आणि खर्च वजा जाता उरणारी रक्कम, म्हणजेच वाढावा, मालकांनी वाटून न घेता पुन्हा त्याच कामी लावतो. या व्याख्येच्या पूर्वार्धाचे कौतुक फार होते, संस्थापकांना पुरस्कार मिळतात, त्यांची चरित्रे निघतात. उत्तरार्धाकडे मात्र, म्हणजे वाढावा कोणाच्या हाती जातो या प्रश्नाकडे, फारसे कोणी पाहत नाही. वास्तविक अशा उद्योगाने गरिबी हटते की नाही हे बऱ्याच अंशी त्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते, आणि ते तपासायला बांगलादेशाच्या गेल्या पाच दशकांइतका बोलका इतिहास दुसरीकडे क्वचितच सापडेल.

१९७४च्या दुष्काळानंतर चितगाव विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या मुहम्मद युनूस यांनी विद्यापीठालगतच्या जोब्रा गावातील कुटुंबांच्या मिळकतीची पाहणी सुरू केली, तेव्हा त्यांना आढळले, की बांबूची स्टुले विणणारी बाई कच्च्या मालासाठी व्यापाऱ्याकडून सुमारे ५ टका (टका हे बांगलादेशाचे चलन) उचल घेते, तयार माल त्याच व्यापाऱ्याला त्याने ठरवलेल्या भावाने देते आणि दिवसाअखेर तिच्या पदरात जेमतेम ५० पैसे पडतात. तिच्याजवळ कसब होते, कष्टाची तयारी होती. नव्हते ते फक्त स्वतःचे खेळते भांडवल. अशा ४२ जणांची एकूण गरज अवघी ८५६ टका भरली, आणि १९७६ मध्ये युनूस यांनी ती रक्कम स्वतःच्या खिशातून कर्जाऊ दिली. तारण न घेता अगदी लहान रकमा कर्जाऊ देण्याच्या या पद्धतीला पुढे सूक्ष्मवित्त हे नाव रूढ झाले, १९८३ मध्ये तिच्यातून ग्रामीण बँक ही स्वतंत्र बँक उभी राहिली आणि २००६चे नोबेल शांतता पारितोषिक युनूस व बँक यांना विभागून मिळाले.

तारणाची जागा येथे गटाने घेतली होती. पाच-पाच कर्जदारांचे गट केले जात आणि हप्ते गावातल्याच साप्ताहिक बैठकीत सर्वांसमक्ष भरले जात. महाराष्ट्रातील बचतगटांची ओळख असलेल्या वाचकाला हे चित्र परके वाटणार नाही. फरक एवढाच, की बचतगट आधी स्वतःची बचत साठवतो आणि मग तीतून कर्ज देतो, तर तेथे सुरुवातच कर्जाने होई. परंतु याहून महत्त्वाची बाब अशी, की ग्रामीण बँकेच्या भागभांडवलात खुद्द कर्जदारांना, म्हणजे मुख्यतः खेड्यांतील स्त्रियांना, मोठा वाटा देण्यात आला आणि संचालक मंडळावर त्यांचे प्रतिनिधी बसले.

कर्जदारांच्या मालकीचा हा दुवा निखळला की काय होते, ते भारतात दिसले. आंध्र प्रदेशात हीच गटपद्धत वापरून कर्ज देणाऱ्या संस्थांपैकी काही सेवाभावी संस्था पुढे नफा कमावणाऱ्या कंपन्या झाल्या. त्यांतील एसकेएस या सर्वांत मोठ्या कंपनीने २०१० मध्ये समभागविक्रीतून १,६०० कोटी रुपयांहून अधिक रक्कम उभी केली. भागधारकांना वाढ हवी होती, म्हणून एकाच घरावर अनेक कंपन्यांची कर्जे चढली, वसुलीच्या जाचापायी आत्महत्या झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात राज्य सरकारने वटहुकूम काढताच परतफेड जवळजवळ ठप्प झाली. कर्ज तेच आणि गटही तसेच. बदलला होता तो वाढाव्याचा धनी.

तथापि मालकी योग्य हाती असली, तरी निव्वळ कर्जाने गरिबी हटते असेही नाही. भारत, मोरोक्को, मेक्सिको, मंगोलिया, इथिओपिया आणि बोस्निया येथील सहा अभ्यासांचे निष्कर्ष २०१५ मध्ये एकत्रित प्रसिद्ध झाले. सूक्ष्मवित्तामुळे काहींच्या व्यवसायाला हातभार लागतो, पण सरासरी कुटुंबाचे उत्पन्न लक्षणीय वाढल्याचे दिसत नाही, असा त्यांचा सूर होता. दुकान टाकणे सोपे असते, गिऱ्हाईक आणणे अवघड.

गिऱ्हाइकाचाच हा प्रश्न बांगलादेशातील बोगुरा येथील दह्याच्या कारखान्याला भोवला. ग्रामीण बँकेशी निगडित संस्थांचा ग्रामीण समूह आणि दानोन ही फ्रेंच कंपनी यांनी मिळून तेथे २००७ पासून ‘शोक्ती दोई’ नावाचे, लोह, जस्त, आयोडीन आणि अ जीवनसत्त्व घातलेले दही बनवण्यास आरंभ केला. दूध भोवतालच्या लहान शेतकऱ्यांकडून घ्यावे, विक्री खेड्यांतील स्त्रियांनी घरोघर फिरून कमिशनवर करावी, कुपोषित मुलांना ते परवडावे आणि गुंतवणूकदारांनी भांडवल परत घेण्यापलीकडे नफ्याची अपेक्षा धरू नये, अशी ही योजना कागदावर निर्दोष होती. ८० ग्रॅमच्या कपाची किंमत ५ टका ठेवली होती. २००८ मध्ये दुधाचे भाव भडकले, किंमत ८ टका करावी लागली आणि ग्रामीण विक्री कोसळली. दारोदार फिरणाऱ्या अनेक विक्रेत्यांनी काम सोडले. मग कप ६० ग्रॅमचा करून किंमत ६ टक्यांवर आणली गेली आणि कारखाना चालता राहावा म्हणून तेच दही ढाक्याच्या दुकानांत चढ्या दराने विकले जाऊ लागले. शहरी ग्राहकाने गावाचा भार उचलण्याच्या या व्यवस्थेला अर्थशास्त्रात आडवे अनुदान म्हणतात. यातली मूळ ओढाताण मात्र सुटणारी नव्हती, कारण दूध घालणाऱ्या गरिबाला चढा भाव हवा होता आणि दही खाणाऱ्या गरिबाला उतरता.

फजले हसन आबेद यांनी १९७२ मध्ये स्थापलेल्या ब्रॅक या बांगलादेशी संस्थेने ही गाठ दुसऱ्या टोकाने सोडवायला घेतली. रेशीमकाम आणि भरतकाम करणाऱ्या ग्रामीण स्त्रियांना ढाक्याचे दुकानदार पैशांसाठी महिनोन्‌महिने ताटकळत ठेवतात असे दिसल्यावर, माल हाती येताच पैसे देणारे ‘आरोंग’ हे दुकान तिने १९७८ मध्ये काढले. कर्ज काढून घेतलेल्या गायींच्या दुधाला गावात भाव मिळेना, तेव्हा १९९८ मध्ये दुग्धशाळा सुरू केली. कर्ज, माल आणि बाजार ही साखळी अशी जुळल्याने उद्योगांतून वाढावा निघू लागला आणि त्याचा एक भाग संस्थेच्या शाळा, आरोग्य यांसारख्या कामांकडे वळवता आला.

याच संस्थेने २००२ मध्ये हेही मान्य केले, की सर्वांत तळाची कुटुंबे कर्ज घेण्याच्याच अवस्थेत नसतात. त्यांच्यासाठी आखलेल्या कार्यक्रमात गाय वा शेळ्या परतफेडीच्या अटीविना दिल्या जात, जनावर विकून खाण्याची पाळी येऊ नये म्हणून काही महिने भत्ता मिळे आणि कार्यकर्ती नियमाने घरी येऊन जनावराच्या चाऱ्यापासून मुलांच्या दुखण्याखुपण्यापर्यंत सारे पाही. या धर्तीवर भारत, पाकिस्तान, घाना, इथिओपिया, होंडुरास आणि पेरू या देशांत राबवलेल्या प्रकल्पांची पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत मदत संपून वर्ष उलटल्यावरही कुटुंबांचा खाण्यापिण्यावरील खर्च वाढलेलाच आढळला. हा कार्यक्रम विक्रीच्या बळावर चालूच शकत नाही. बांगलादेशातही तो उभा राहिला तो मुख्यतः परदेशी सरकारांच्या देणग्यांवर.